चाळीसपर्यंत

आमच्याकडे चढ नाही.
पो नदी समुद्राला भिडण्याआधी
इतक्या फाट्यांत फाटते, इतकी पसरते
की सायकलवाल्याला उंची हवीच असेल
तर एकच: बांध.
बांधावर डांबराची अरुंद पट्टी,
डावीकडे नदी, उजवीकडे शेतं,
आणि नदी शेतांपेक्षा वर.
नवखा माणूस इथे जरा गप्प होतो.
दोनदा बघतो, मग उगाच ब्रेक दाबून पाहतो.

मी पंपघरात रात्रपाळी करते.
रात्रभर पाणी उपसलं जातं
म्हणून सकाळी भाताची खाचरं जागच्या जागी असतात,
दीर्चेची कोंबडी कोरड्यात अंडं घालते,
आणि रविवारी सहा वाजता
आम्हाला रस्ता असतो.

आम्ही चौघं. होतो चौघं.
पुढे एर्मेस, वय एकाहत्तर,
पोटऱ्या वाम माशासारख्या पिळदार.
आयुष्यभर त्यानं वामच धरली,
आता वर्षाकाठी दोन मिळाल्या
तरी गावभर सांगत सुटतो.
मग ओरिएले, टपाल वाटणारी,
जिला वाटेवरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव ठाऊक
आणि कुत्र्यांना तिच्या पोटरीचं माप.
मग मी.
मग लोरिस.

घाट नाही, पण वारा आहे.
समुद्रावरून निघतो, वाटेत त्याला
ना टेकाड, ना झाड,
थेट छातीवर येतो.
म्हणून आम्ही ओळीनं जायचो, चाकामागे चाक.
पुढच्यानं चाळीस आकडे मोजायचे
आणि बाजूला सरून मागे यायचं.
चाळीस आकडे वारा खायचा,
एकशे वीस आकडे दुसऱ्याच्या पाठीचा आडोसा.
इतका सरळ हिशेब
मी संसारात कुठे पाहिला नाही.

लोरिस एकोणचाळीसला हटायचा. दर खेपेस.
आम्ही ओरडायचो.
तो म्हणायचा, माझे आकडे लांब आहेत.

मार्चमध्ये तो लेकीकडे गेला, डोंगरात, कायमचा.
गुडघा, नातू, आणि इथलं धुकं सोसत नाही:
तीन कारणं दिली,
म्हणजे खरं चौथंच असणार.

त्यानंतरचा पहिला रविवार.
होड्यांच्या पुलावरच्या फळ्या खडखडल्या,
टोलच्या खिडकीतून दीर्चेनं आम्हाला मोजलं
आणि काही विचारलं नाही.
पुलापलीकडे खारं पाणी लागतं,
त्यात काठीवर उभे केल्यासारखे रोहित पक्षी,
डोकी चिखलात, गुलाबी पाठी वाऱ्याला.
बोरूचं बेट एका अंगावर झोपलेलं.
एर्मेसनं चाळीस मोजले. ओरिएलेनं चाळीस.
मी माझे मोजले आणि बाजूला सरले,
तर एर्मेसही सरला,
ओरिएलेही.
काही ठरलं नव्हतं.
ओळ मोडून तिघं रस्ताभर पसरलो
शेजारी शेजारी, कुणापुढे कुणी नाही,
ज्याचा त्याचा वारा ज्याच्या त्याच्या छातीवर.
एर्मेस मोठ्यानं मोजत होता.
सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.
आणि तिथेच थांबला.

मग पुन्हा ओळ.

सोमवारी रात्री लोरिसचा फोन येतो,
मी पंपघरात असते त्याला माहीत आहे.
सांगतो, इथला चढ संपतो तरी,
वर पोचलं की उतार असतो,
तुमचा वारा कधी संपतो?
मी म्हणते, संपत नाही. परत फिरलो
की तोच ढकलत घरी आणतो.
तो बराच वेळ बोलत नाही.
त्याच्यामागे कुठल्याशा गाईची घंटा वाजते,
माझ्यामागे तीन नंबरचा पंप घरघरतो.
मग विचारतो, हळूच, जणू कुणाच्या तब्येतीचं:
पाणी कुठवर आहे?

मी काचेपलीकडच्या पट्टीवर बॅटरी मारते.
कालच्यापेक्षा चार बोटं खाली, म्हणते.
बरं, म्हणतो,
आणि ठेवत नाही फोन.